कोपराच्या आतली पिवळी जागा

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी ओट्याजवळ उभी राहून डब्याची भाजी परतत होते. ती “मावशी, आई…” एवढंच म्हणाली आणि तिच्या हातातून फोन जिजाजींनी घेतला. “सुमन, शोभा गेली,” ते म्हणाले. मी गॅस बंद केला, खुर्ची ओढली, समोर पडलेला कॅलेंडरचा जुना कागद उलटा केला आणि यादी करायला बसले. मला ओळखणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. काही वाईट घडलं की मला आधी कागद लागतो. ऑफिसात कळवणे, शेजारी किल्ली देणे, शाल, चार्जर, दोन साध्या साड्या, धामणगावच्या नातेवाइकांना फोन… सगळं क्रमानं लिहिलं आणि नेहमीप्रमाणे एकदा वरपासून खालपर्यंत वाचून पाहिलं. शेवटच्या ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘शोभाताईकडून उटणं’. अमरावतीहून अकोल्याला जायच्या माझ्या प्रत्येक यादीची शेवटची ओळ वर्षानुवर्षं हीच असायची. हातानं ती आपली आपणच लिहून टाकली होती. मी ती खोडली नाही. कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि बस स्टँडवर गेले. बडनेरा मागे पडलं, मूर्तिजापूर गेलं, खिडकीबाहेर तूर कापून मोकळी झालेली काळी वावरं सरकत राहिली, आणि मला रडू येत नव्हतं. मी फक्त मनात म्हणत होते, की आता तिथे गेल्यावर ती ‘साली आणल्या का?’ असं विचारणार नाही.

शोभाताई माझी मावसबहीण. माझ्यापेक्षा बरीच मोठी. धामणगाव रेल्वेला आमची घरं एकाच गल्लीत होती, त्यामुळे मावस-चुलत असा हिशेब आमच्यात कधी नव्हता. तिचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते, पण हळदीचा दिवस मला स्वच्छ आठवतो. ताई सावळी. जिजाजींच्या घरचे सगळे उजळ. कुणा हौशी बाईनं लग्नाआधी तिला एक क्रीम आणून दिलं, लावलं की चेहरा उजळतो म्हणे. ताईनं ते दोन-तीन रात्री लावलं, आणि हळदीच्या दिवशी सकाळी उठली तर गाल सुजलेले, लाल, जागोजागी पुरळ. त्यावर हळद लावली तेव्हा ती ओठ दाबून बसली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बायका म्हणत होत्या, सासरी जायचं म्हणून रडते बिचारी. जळतंय म्हणून रडते हे तिनं फक्त मला सांगितलं. तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकही फोटो धड नाही. दुसरी एखादी बाई असती तर तिनं तो अल्बम ट्रंकेच्या तळाशी टाकला असता. ताईनं तो कायम हाताशी ठेवला. लग्न ठरलेली कुणी पोरगी तिच्याकडे आली, की आधी तो अल्बम उघडायचा. “पाह्य. हे मी. आता सांग, काहीबाही लावायची घाई आहे का तुले?”

अकोल्यात जठारपेठेतल्या त्यांच्या घराची मागची खोली ताईनं उटणं करायला आपल्याकडे घेतली, ती या धड्यानंतरच. तिचं शिक्षण काही त्यातलं नव्हतं. तिनं वाचलं, विचारलं, काष्ठौषधीच्या दुकानदाराशी वाद घातले, एका वैद्यबाईंकडे जाऊन बसली आणि हळूहळू शिकत गेली. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, अनंतमूळ, मंजिष्ठा, मसूर डाळ, गुलाबाच्या पाकळ्या. प्रत्येकाचा स्टीलचा डबा वेगळा, आणि त्या डब्याचा चमचाही वेगळा. हे मला फार आवडायचं. आमच्या खानदानात माझ्याइतकी नेटकी दुसरी तीच. संत्र्याच्या साली मात्र माझ्या खात्यात होत्या. अमरावतीला संत्री स्वस्त आणि ताजी, म्हणून हंगामात आमच्या घरी आणि माझ्या ऑफिसात जो कुणी संत्रं सोलेल त्याची साल माझ्या पिशवीत जायची. घरी जुन्या साडीवर, पंख्याखाली, सावलीत वाळवायची. उन्हात नाही. उन्हात वाळवलेली साल ताई हातात घेऊन मोडायची, हुंगायची आणि म्हणायची, “उनात घातल्या ना वं सुमे? वास मेला पाह्य याचा.” मग दळण, मग मलमलच्या फडक्यातून गाळणं. वस्त्रगाळ झालं नाही तर ते उटणं नाही, ती भांडी घासायची पावडर, हे तिचं ठरलेलं वाक्य.

ती बोलायला फटकळ होती. पुण्याकडची माणसं तिला उद्धट म्हणाली असती. एकदा माझ्यासमोर एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. बघायचा कार्यक्रम होता, मुलगी सावळी, आणि आईचं एकच पालुपद, काहीतरी द्या पण हिला गोरी करा. ताईनं मुलीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, नीट पाहिला. मग आईला म्हणाली, “गोरं करायचं असन तं भितीले चुना मार. पोरीच्या मांगं काहून लागली? कातडी कशी नितळ आहे तिची. माह्या उटण्यानं मळ निघते, रंग नाई निघत.” आई रागावून उठली. मुलगी मात्र दाराशी जरा मागे राहिली आणि हळूच म्हणाली, “काकू, मळापुरतं द्या ना मग.” ताई इतकी हसली की तिचा चष्मा घसरला.

पण या सगळ्याच्या मुळाशी जी गोष्ट होती ती तिच्या डाव्या हातावर होती. नवं उटणं दळून झालं की चिमूटभर घ्यायचं, पाण्यात कालवायचं आणि कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी सगळ्यात मऊ असते तिथे लावायचं. धुऊन टाकायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहायची. खाज नाही, लाली नाही, पुरळ नाही, तरच ते उटणं त्या खोलीबाहेर जाणार. सकाळी ती खिडकीपाशी यायची, हात उजेडात धरायची, चष्मा नीट करायची, उजव्या अंगठ्यानं ती जागा दाबून पाहायची आणि म्हणायची, “साफ.” बस, एकच शब्द. इतकी वर्षं हळद लागून लागून तिच्या हातावरची ती जागा कायमची पिवळट झाली होती. बाह्या वर केल्या की दिसायची. आम्ही तिला चिडवायचो, की अर्धी हळद तर तू एकटीच लावून घेतेस.

एका लग्नाच्या वेळी आणलेली आंबेहळद भेसळीची निघाली. ताईच्या कोपरावर लाल चट्टा उठला. तिनं सगळा डबा मोरीत ओतला आणि वरून बादलीभर पाणी टाकलं. मुलीची आई धावत आली. “शोभाताई, हळद उद्या आहे हो! आता मी कुठून आणू?” ताई म्हणाली, “उद्या आहे म्हणूनच फेकलं. साध्या बेसनानं आंघोळ घाल पोरीले. बेसनानं कोणी रडत नाई.” तिचं मन कुठे अडकलेलं होतं ते मला माहीत होतं. ती त्या मुलीकडे पाहत नव्हती, स्वतःच्या अल्बमकडे पाहत होती.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी कशाची भक्त नाही. आठवडाभर साधा साबण, ऑफिस, धूळ, ऊन. रविवारी मात्र ताईचं उटणं. तिनं लावायची रीत मला एकदा नीट सांगितली आणि मी ती तशीच पाळत आले. उन्हाळ्यात गुलाबपाण्यात कालवायचं, थंडीत सायीत. चोळायचं नाही, थापायचं. आणि पूर्ण वाळू द्यायचं नाही. “वाळलेला लेप कातडीतलं पाणी ओढते. ओलसर आहे तवाच धुऊन टाक. अन् पावसाळा लागला की डब्यात उरलं ते झाडाले घाल, तोंडाले नाई. ओल धरते ते.” हा शेवटचा नियम तिच्या घरात फार कडक होता. मृग लागले की मागच्या खोलीतले सगळे डबे रिकामे. पल्लवी लहानपणी ते उरलेलं पीठ कुंडीत टाकताना त्याचा वास नाकात भरून घ्यायची.

मागच्या दिवाळीनंतर ताईचा ताप उतरेना. रक्ताचा आजार निघाला. नागपूरला उपचार सुरू झाले, आणि पहिल्याच फेरीत डॉक्टरांनी सांगितलं, अंगाला काहीही लावायचं नाही, आम्ही देतो ते साधं मलम सोडून. मला वाटलं होतं ती वाद घालेल. तिनं नाही घातला. “डॉक्टरनं नाई म्हटलं तं नाई. माह्या हातचं निरोग्या माणसासाठी आहे, सुमे. हे काम त्याचं नाई,” ती म्हणाली आणि ते मलम मुकाट्यानं लावत राहिली. केस गेले, नखं काळी पडली. कातडी अशी पातळ आणि कोरडी झाली की चादरीची सुरकुती उमटली तरी लाल रेघ तासभर राहायची. ज्या बाईनं अकोल्यातल्या कितीक पोरींचे चेहरे हातात धरले, तिच्या हाताला हात लावायची आम्हाला भीती वाटायला लागली.

त्याच हिवाळ्यात पल्लवीचं लग्न ठरलं. मुलगा परतवाड्याचा, माणसं साधी, वैशाखातली तारीख. पल्लवीची कातडी लहानपणापासून नाजूक, बाजारचा साबणही तिला सोसत नाही. ताईनं अंथरुणावरून एकच गोष्ट मागितली. साड्या, दागिने, जेवणावळ, तुम्हाला काय करायचं ते करा. पोरीच्या हळदीचं उटणं माझं. “माह्यासारखं नाई झालं पायजे तिचं,” ती म्हणाली. शनिवारी मी अकोल्याला यायची, ताई खुर्चीत बसून सांगायची, पल्लवी आणि मी दळायचो, गाळायचो. तिचे डोळे अजून शाबूत होते. “पुन्हा गाळ. जाड दिसते,” ती लांबूनच म्हणायची.

पहिलं उटणं झालं. पुढच्या शनिवारी गेले तर डबा रिकामा. जिजाजी म्हणाले, तिनं फेकून दिलं. ताई म्हणाली, आंबेहळद बरोबर नव्हती. मी दुसऱ्या दुकानातून आणली. पुन्हा दळलं, पुन्हा गाळलं. तेही फेकलं. मग तिनं अनंतमुळावर संशय घेतला, मग माझ्या सालींवर. मी बदलून दिलं सगळं. सांगितलं ते करायची मला सवय आहे. तिसऱ्यांदा डबा रिकामा दिसला तेव्हा मात्र मी तिच्या पलंगावर बसले आणि तिच्या गाऊनची डावी बाही हळूच वर केली. कोपराच्या आत पिवळी जागा उरलीच नव्हती. तिथे लालभडक चट्टा होता, कडेला साल निघालेली.

“ताई, डॉक्टरनं नाई म्हटलं होतं ना?”

“तोंडाले नाई लावलं. तपासलं फक्त.”

तिला आयुष्यभर ते ‘लावणं’ वाटलंच नव्हतं. ती चाचणी होती, रोजचं काम होतं, जसा भात शिजला की नाही ते शीत दाबून पाहावं. डॉक्टरांचं सगळं ऐकणाऱ्या बाईच्या मनातही आलं नाही, की मनाई या हातालाही आहे. आणि मोरीत गेलं ते तिन्ही वेळचं उटणं चांगलं होतं. आता काहीही लावलं असतं तरी तो हात लालच झाला असता. साधं पाणी लावलं असतं तरी.

मी हे तिला सांगणार होते. कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होते. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मग तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ. “म्हणजे उटणं नाई बिघडलं,” ती म्हणाली. “मीच बिघडली वं, सुमे.”

बाहेर पल्लवी कुणाशी तरी फोनवर हसून बोलत होती… तो आवाज आम्ही दोघी ऐकत राहिलो. मग ताईनं नाक पुसलं आणि एकदम तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “तुहा हात दे.”

“माझी कातडी म्हशीची आहे, ताई. फिनेल सोसते मी.”

“म्हशीची तं म्हशीची. खोटं नाई बोलत तुहा हात. दे. अन् पोरीच्या हातावर नाई पाह्यचं, तिले आत्ता काही झालं तं…” पुढचं तिनं गिळलं.

चौथं उटणं आम्ही त्याच दिवशी दळलं. ताईनं मला जवळ बसवलं, पण कालवायचं मलाच लागलं, लावायचंही मलाच. तिनं फक्त बोटानं जागा दाखवली, हात न लावता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले, बाही वर करून, शाळेत नखं तपासायला उभी राहायचे तशी. तिला खुर्चीसकट उजेडाकडे सरकवलं. तिनं चष्मा लावला. माझ्या कोपराच्या आत फिकट पिवळा डाग होता, बाकी काही नव्हतं. तिनं अंगठा उचलला, दाबायला म्हणून… आणि माझ्या कातडीला तो लागला तेव्हा तो इतका हलका होता की मला कळलंही नसतं. “साफ,” ती म्हणाली. डबा तिनं स्वतः बंद केला, झाकणावर जुन्या पांढऱ्या फडक्याची पट्टी बांधली आणि पल्लवीला म्हणाली, “हे तुहं. हळदीच्या आंधी उघडू नको.” त्या दिवशी ती वरण-भात जेवली. आम्हाला वाटलं, निघाली यातून.

फाल्गुनात ती गेली. मी पोचले तेव्हा तिला आंघोळ घालत होते. सवाष्ण गेली, म्हणून बायकांनी हळद-कुंकू, हिरवी साडी, सगळं आणलं होतं. कुणीतरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून हळदीचं पाकीट आणलं, फोडलं आणि ती पिवळीजर्द पूड तिच्या हातांना, पायांना फासायला घेतली. माझ्या तोंडात शब्द आले होते, थांबा, आधी कोपराला लावून पाहा. मी तोंड मिटून घेतलं. त्या आजारी हातावर आता काही उठणार नव्हतं. इतक्या वर्षांत ताईच्या अंगाला न तपासलेली हळद लागली ती दोनदाच, एकदा तिच्या लग्नात आणि एकदा तेव्हा.

तेरवी झाली. परतवाड्याची मंडळी आली, हात जोडून बसली आणि म्हणाली, घाई नाही, वर्ष होऊ द्या, मग करू. जिजाजींनी मान हलवली. सगळं समजुतीनं झालं, कुणाचंही काही चुकलं नाही. पाहुणे गेल्यावर मी मागच्या खोलीत आवराआवर करायला गेले. आवरलं की मला बरं वाटतं. पल्लवी तिथे आधीच उभी होती, पट्टी बांधलेला तो डबा हातात घेऊन.

“मावशी,” ती म्हणाली, “वर्षभर टिकन ना हे?”

तिला उत्तर माहीत होतं. उरलेलं पीठ कुंडीत टाकायचं काम तिचंच असायचं. मला हो म्हणता आलं असतं, त्या क्षणी ते सोपं होतं. पण त्या खोलीत उभं राहून, त्या डब्याबद्दल, मला ते म्हणता येईना.

“नाई टिकणार, बाई. पावसाळा मधात आहे.”

तिनं पट्टीची गाठ सोडली. झाकण काढलं तशी सालींचा, वाळ्याचा वास खोलीभर झाला. तिनं चिमूटभर उटणं तळहातावर घेतलं, नळाच्या पाण्यात कालवलं आणि डाव्या कोपराच्या आत लावलं.

“अवं, तपासलेलं आहे ते,” मी म्हणाले. “तुह्या आईनं पाहिलं.”

“माईत आहे मले,” पल्लवी म्हणाली. “उद्या पाहू.”

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. पिशवी भरून मी दाराशी ठेवली होती. पल्लवी त्या खिडकीपाशी गेली आणि बाही वर करून, हात उजेडात धरून उभी राहिली. स्वतः पाहिलं नाही, माझी वाट पाहत राहिली. मी चष्मा लावला. ताईसारखाच सावळा हात, कोपराच्या आत फिकट पिवळी जागा. पुरळ नाही, लाली नाही. मी अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग फक्त तो एक शब्द म्हणायचा राहिला होता, आणि तो म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच निघाला नाही. ती थांबली. मी मान हलवली. तिनं बाही खाली घेतली आणि डब्याला पुन्हा पट्टी बांधून टाकली.

डबा अजून तिथेच आहे, खिडकीजवळच्या फळीवर. मृग लागले की रिकामा करायचा आहे. कुंडीत कोण टाकणार हे आम्ही दोघींनी अजून ठरवलेलं नाही. आमच्या घरी सध्या जुन्या साडीवर, पंख्याखाली, हंगामातल्या शेवटच्या साली वाळताहेत. कुणासाठी, असं घरचे विचारत नाहीत.